तांब्याच्या नळीवरचा निरोप

१

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात. मी घेते. जोतिबा. आष्ट्यातल्या चार लोकांनी चिखलात लोळवलेलं नाव हाय ते. मी घेतलं न्हाई तर दुसरं कोन घेनार?

मी मंगल. एसीत गॅस भरते. घरातल्या न्हाई, मोठ्या एसीत. कापडाची दुकानं, दवाखानं, मंगल कार्यालयं. बाई हे काम करती म्हनल्यावर लोक आदी हसत्यात, मग उन्हाळा लागला की हात जोडून फोन करत्यात. जोतिबांनी सांगलीला आयटीआय केलेली, मी त्यांच्या हाताखाली शिकले. आमी मूळचं आटपाडीकडचं, मेंढरावालं. सासूला, हरणाबाईला, वाटायचं पोरगं कळप सोडून पाईपाच्या मागं लागलं म्हंजे खुळंच झालं.

मोठ्या कामाला दोन मानसं लागत्यात. कॉम्प्रेसर वर स्लॅबवर आसतो. टाक्या लय जड, त्या वर कोन चढवनार? म्हनून टाकी खाली, गार हवा सोडनाऱ्या पंख्याच्या खोलीत ठेवायची आन् तितनंच नळीला जोडायची. एक मानूस वर, एक खाली. फोन धरायला हात मोकळं नसत्यात, एकाच्या हाताला साबनाचा फेस, दुसऱ्याच्या हातात पाना. तवा आमी तांब्याच्या नळीवर पाना ठोकून बोलायचो. एक ठोका म्हंजे सोड. दोन म्हंजे बंद कर. तांबं लय गुनाचं, तीन मजल्याचा निरोप कानात सांगितल्यागत पोचवतंय. त्यात जोतिबांची एक खोड हुती. ठोक्याच्या आदी ते पाना नळीवरनं वीतभर घासायचे. खर्र, मग टक्. मी म्हनायची, "आवं, दार वाजवायच्या आदी खाकरताय व्हय?"

मागच्या चैत्रात ते गेले. नानासोंच्या मंगल कार्यालयाच्या स्लॅबवर. काम विश्वजितनं घेतलेलं, आमी त्याच्या हाताखाली. त्या दिवशी मला ताप हुता, म्हनून खाली टाकीपाशी माज्या जागी त्यो ठेकेदार स्वतः उभा हुता. गॅस भरायच्या आदी नळीत नायट्रोजन दाबून गळती बगत्यात. नायट्रोजन मदीच संपला. शेजारी सांधं वेल्डिंग करायची ऑक्सिजनची काळी टाकी हुती. ऑक्सिजन आन् कॉम्प्रेसरातलं तेल दाबाखाली एकत्र आलं की बाँब हुतोय. ह्या धंद्यातलं पयलं अक्षर हाय ते. कुनीतरी ती टाकी जोडली आन् सोडली. स्लॅबवर जे ऱ्हायलं ते घोंगड्यात गोळा करून घरी आनलं.

विश्वजितनं पोलिसाला सांगितलं, जोतिबानंच जोडली, सोडली आन् मग वर गेला. मेंढरामागचा मानूस, त्याला टाक्यांतला फरक काय कळनार? हे शेवटचं वाक्य गावाला लय आवडलं. बाजारात आमाला बगून पोरं सुदिक म्हनायची. हरणाबाईंनी बाहेर जायचं सोडलं. एकदाच मला म्हनाल्या, "माज्या ल्योकाला खुळा म्हनत्यात. तेवढं पूस गं. मग मी मरायला मोकळी."

मला विश्वजितच्या तोंडनं खरं पायजे हुतं. बाकी काय नगं.

२

ह्या चैत्रात नानासोंचा सोताहून फोन आला. हॉल गार हुईना, शुक्रवारी लगीन हाय, मेकॅनिक कुटं मोकळा न्हाई. मी लगीच व्हय म्हनले. लोकांना वाटलं पोटासाठी गेली. मला ती जागा पायजे हुती.

"वर मानूस लागतोय," मी नानासोंना म्हनले. "तुमचा ठेकेदारच द्या. एसीचा प्लँट त्यानंच बसवलाय की."

बुधवारी गळती सापडली, एक नट ढिला हुता. त्यो आवळला, रातभर मशीन लावून नळीतली हवा ओढून काढली. बेस्तरवारी सकाळी धा वाजता मी पंख्याच्या खोलीत हुते. गॅसची टाकी वजनकाट्यावर उभी केली. प्लँटला वीस किलो गॅस लागतो, तेवढा उतरला की थांबायचं. काळी टाकी भिंतीकडं हुती, नेहमीसारखी. विश्वजित आजून आला नव्हता. म्होरं अंगनात मांडववाली मानसं बांबू टाकत हुती, तेवढाच आवाज.

नळी जोडली आन् हाताच्या सवयीनं पाना उचलून एक ठोका दिला. खुळ्यागत. वर कोनच नव्हतं.

वरनं आलं. खर्र. टक्.

मी हसले. खरंच हसले. ऊन पडलं की तांबं तापतंय, ताणतंय, टकटक करतंय, हे मला काय कुनी शिकवायला नगं. मग ध्यानात आलं, टक् म्हंजे तांबं आसंल, पन खर्र कोन करतंय?

जिना चढून वर गेले. स्लॅब तव्यागत तापलावता. नवा कॉम्प्रेसर, कठड्यावर मागच्या वर्षीची काजळी, नळीवर एक कावळा. मला बगून त्यो उडाला. झालं, कावळ्याची नखं, मी म्हनले. मनाला पटलं. खाली येताना मात्र मी नळीच्या बाजूनं न्हाई, दुसऱ्या भिंतीला धरून उतरले.

३

विश्वजित आकराला आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. पंख्याच्या खोलीच्या दारातच थांबला.

"काय ताई, बरं हाय नव्हं? हरणाआत्या कशा हायेत?"

"हायेत. तुमची आठवन काढत्यात."

त्यानं मान खाली घातली. "वर मी कशाला? मांडवातला येखादा गडी धाडू का?"

"गड्याला गेज वाचता येतोय व्हय? उगं मेंढरामागचा मानूस वर नगं, दादा. काय कळत न्हाई त्यांना."

त्याचं तोंड उतरलं. नानासो मागंच उभं हुतं, लगीन तोंडावर आल्यालं, ते खेकसलं, "जा की रं वर! धा मिनिटाचं काम, आन् नव्या नवरीगत काय लाजतोस?"

त्यो गेला. पायऱ्या चढताना दोनदा थांबला. मी मागनं अर्धा जिना गेले, स्लॅबचं लोखंडी दार त्याच्यामागं लागलं तवा उरलेल्या पायऱ्या चढून हळूच आतनं कडी घातली. नानासो मांडवाकडं गेलं हुतं.

सांगते, लपवत न्हाई. माजा बेत एवढाच हुता. जितं माजा नवरा मेला तितं त्याला कोंडायचं, खाली काळी टाकी जोडलीया म्हनून सांगायचं आन् घाबरवून खरं वदवून घ्यायचं. फोनात रेकॉर्ड करायचं. काळ्या टाकीला मी हात लावनार नव्हते. यमाईची शपथ, न्हाई.

४

आदी गॅस सोडला. काम ते काम. टाकीच्या गळ्याला दव आलं, मग पांढरं बर्फ धरलं, तसंच हुतंय ते. एक किलो, तीन, पाच. धा किलो उतरल्यावर दम द्यायचा आसतो, म्हनून वाल बंद केला. चांगला आवळून.

वजनकाटा उतरतच ऱ्हायला.

गेलेला गॅस धा किलो दोनशे. धा किलो चारशे. मी वाल परत आवळला, हात दुखस्तोवर. साबनाचा फेस सगळीकडं लावला, येक बुडबुडा न्हाई. टाकी बंद, गळती न्हाई, आन् गॅस जातोय. काटा बिघडला आसंल म्हनून मी माजा पाना त्यावर ठेवला, पान्याचं वजन बरोबर दाखवलं. पाना उचलला. आकरा किलो.

गेजची सुई जाग्यावर हुती. म्हंजे गॅस नळीत साठत नव्हता. वर कायतरी तो पीत हुतं.

आन् तवाच वरनं आलं. खर्र. टक्. सोड.

मी विश्वजितला फोन लावला. "दादा, तुमी नळीवर ठोकलं व्हय?"

"न्हाई ओ. मी पानी भरायच्या टाकीच्या सावलीत हाय, नळीपासनं लांब. का?"

"काय न्हाई."

"ताई, हितं..." त्यानं आवाज बारीक केला. मग म्हनाला, "हितं दुसरं कुनी चढलंय का? कॉम्प्रेसरच्या पल्याड? लोकर जळाल्यागत वास येतोय."

मी फोन कट केला. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पन त्याच्या पोटात बी भ्या शिरलंय हे ऐकून मला गार वाटलं. वर्सभर मी आन् माजी सासू रातच्याला छताकडं बगत पडलो हुतो, आन् ह्यो गंध लावून हिंडत हुता. बरं झालं, म्हनले. आता ह्याची पाळी.

५

रेकॉर्डिंग चालू केलं आन् परत लावला.

"दादा, गॅस कमी पडला. मी काळी टाकी जोडलीया."

मग डोक्यावर पळत्याली पावलं वाजली, लोखंडी दार धडधडलं.

"मंगल! कडी काढ! आगं येडी का खुळी तू? फुटंल ते!"

"आसं? तुमाला ठावं हाय व्हय फुटतंय ते?"

"कडी काढ म्हनतोय न्हवं!"

"वालवर हात हाय माजा. वर मी कडी लावलीया, ती मीच काढनार. त्या दिवशी काळी टाकी कुनी जोडली, एवढं बोला."

त्यानं शिव्या घातल्या. मग आईची आन घातली. मग रडाय लागला. मोठा बाप्या मानूस रडतोय आन् मला काय सुदिक वाटंना. शेवटाला बोलला, एका दमात, वकल्यागत.

"मी जोडली. मीच सोडली. नानासो डोक्यावर बसलेला, नायट्रोजन सांगलीसनं यायला दोन तास. म्हनलं एकदा काय हुतंय. जोतिबानं वरनं ठोकलं. दोनदा. बंद कर म्हनून. परत ठोकलं. मी सोडतच ऱ्हायलो गं. त्याची काय चूक नव्हती. झालं? झालं तुजं?"

मला हे ठावं नव्हतं. टाकी त्यानं जोडली हे ठावं हुतं. जोतिबांनी बंद कर म्हनून ठोकलं, आन् खाली कुनी ऐकलं न्हाई, हे मला कुनी सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकले. माज्या जागी मी आसते तर पयल्या ठोक्याला वाल बंद झाला आसता.

"उतरा खाली," मी म्हनले. "येते मी. कडी काढते."

६

जायच्या आदी नळीवर दोन ठोकं दिलं. कुनाला दिलं ते तुमाला कळलंच. बंद करा. मिळालं आपल्याला.

उत्तर आलं न्हाई. मी जिन्यावर गेले, फोन हातात चालूच. नऊ-धा पायऱ्या चढले आसंन. तवा खालनं आवाज आला. वरनं न्हाई, खालनं. ज्या खोलीतनं मी आत्ता भाईर आले तितनं.

खर्र. टक्.

मी वळून बगितलं. दार अर्धं उघडं हुतं. काळी टाकी दिसत हुती, आन् तिच्यापाशी घोंगडं पांघरून कुनीतरी उकिडवं बसलं हुतं, माज्याकडं पाठ करून. जोतिबा बसायचे तसंच. पन घोंगड्याच्या आत जे हुतं त्याला दोन खांदं नव्हतं. जितं पायजे तितं काय नव्हतंच. आन् नळी आता काळ्या टाकीच्या गळ्याला हुती. सूं आवाज चाललावता.

"बंद करा!" मी वराडले. "आवं, बोलला त्यो! सगळं बोलला! रेकॉर्ड हाय!"

जिन्याच्या भिंतीवरनं तीच नळी वर जाती. मी पान्यानं दोन ठोकं दिलं. परत दोन. हाताला झिनझिन्या आल्या. घोंगडं हललं न्हाई. वर विश्वजित दार बडवत हुता, फोनात आन् जिन्यात दोन्हीकडनं त्याचा आवाज येत हुता. म्होरं आठ पायऱ्या हुत्या आन् कडी.

आता खरं सांगते. मी पळाले आसते तर कडी निघाली आसती. मी पळाले न्हाई. आठ पायऱ्या बगत उभी ऱ्हायले. दोन बारक्या पोरांचा बाप हाय त्यो, हे बी मला आठवलं. तरी माज्या मनात आलं, जाऊ दे. जोतिबांचं ज्यानं ऐकलं न्हाई त्याचं आज कुनी का ऐकावं? एवढंच आलं, आन् तेवढ्यात येळ गेली.

वर काय झालं ते मी बगितलं न्हाई. जिना हलला, भिंतीचा गिलावा आंगावर आला. लोखंडी दार चौकटीसकट उडून माज्या डोक्यावरच्या वळणावर आडकलं.

७

पोलिसांनी टाक्या बगितल्या. नळी गॅसच्या टाकीलाच हुती, मी जोडलेली. गॅसच्या टाकीत गॅस ऱ्हायला नव्हता. काळ्या टाकीचं टोपन जसंच्या तसं लागलेलं, पन आत फुंकर सुदिक नव्हती. सायबानं मला इचारलं, हे कसं? मी म्हनले, मला काय ठावं. दाराचा चेंदामेंदा झालावता, कडीचं कुनाला सुचलं न्हाई. गाव म्हनालं, नवरा तशी बायकू. दोघांनी दोन बळी घेतलं, परत मेंढरंच राखा म्हनावं आता.

रेकॉर्ड माज्याकडं हुतं. ते लावलं तर जोतिबांचं नाव धुतलं जानार. आन् कडी मी लावली, टाकीची धमकी मी दिली, हे बी त्याच रेकॉर्डात. मी नऊ दिस फोन पिठाच्या डब्यात ठेवला. नवऱ्याच्या नावासाठी जिवाचं रान केलं आन् हातात आल्यावर मलाच माजी कातडी गोड झाली. लाज वाटायची, पन डबा उघडवत नव्हता.

धाव्या दिवशी दुपारी सासू पीठ घ्यायला गेल्या आन् फोन घिऊन आल्या. म्होरं बसल्या. "लाव," म्हनाल्या.

लावलं. विश्वजित बोलला, "त्याची काय चूक नव्हती," तवा त्यांनी डोळं मिटलं. रडल्या न्हाईत. शेवटपतूर ऐकलं, माजं वराडनं, मग मोठा आवाज, मग नुस्ती खरखर. मी बंद कराय गेले तर त्यांनी माजा हात धरला. फोन कानाला लावला. त्या खरखरीत काय नव्हतं, मी डब्यात ठेवायच्या आदी नऊ येळा ऐकलं हुतं. त्या मात्र मान हालवत हुत्या, कुनी लांबनं ख्यालीखुशाली सांगावी तसं. वर्सात पयल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू बगितलं.

"कोन हाय, आत्या?"

"कोन म्हंजे? जोती हाय की. तुला आवाज वळकंना व्हय?"

"काय म्हनत्यात?"

त्यांनी फोन पदराला पुसला आन् कमरंला खोचला.

"उद्या चावडीत लावायचं ह्ये. सगळ्या गावाला ऐकू दे. पोलिसाला बी."

"आत्या, कडीचं बी हाय त्यात. मला नेतील."

"हाय की. न्हेऊ देत." रागानं न्हाई म्हनाल्या, भाकरी थापायला सांगावं तसं म्हनाल्या. मग माज्याकडं नीट बगितलं. "आन् त्याला तितंच सोडून आलीस? एकटा बसलाय माजा ल्योक त्या खोलीत. जायच्या आदी त्याला घरी आन."

"आत्या, ते जे तितं हाय, ते तुमी बगितलं न्हाई. ते घरी आनायसारखं न्हाई."

"माजं हाय ते," त्या म्हनाल्या. "जसं आसंल तसं आन."

पंख्याच्या खोलीची किल्ली आजून माज्याकडंच हाय, नानासोंनी मागितली न्हाई. कार्यालय बंद पडलंय, तिकडं कुनी फिरकत न्हाई. ऊन उतरायच्या आत जाऊन यायचं ठरवलंय, अंधारात मला जमनार न्हाई. आत्यांनी माजं अंथरूण उचलून चुलीकडं टाकलं, आन् भिंतीकडची जोतिबांची जागा झाडून सारवून घेतली. आता उंबऱ्यात बसून त्या माज्या निघायची वाट बगत्यात. आजून ओलं हाय, पाय ठिवू नगंस म्हनाल्या.